मुकुटासकट

दाताच्या दवाखान्यात नंबर यायची वाट पाहत बसलेली असताना वनमालानं आपल्या नवऱ्याच्या मरणाची गोष्ट ऐकली. सांगणाऱ्या मुलीला ती कोण हे ठाऊक नव्हतं. समता कॉलनीतला हा दवाखाना तसा नवाच. रायपूर राजधानी झाल्यापासून असे काचेच्या दाराचे दवाखाने गल्लोगल्ली निघाले होते. भिंतीवर टीव्ही होता, त्याचा आवाज बंद केलेला, आणि त्यात कुठल्या तरी दूरच्या राज्यातले रुळांवरून घसरलेले डबे पुन्हा पुन्हा दाखवत होते. एक डबा दुसऱ्यावर चढला होता. बाकांवर बसलेली माणसं सुजलेल्या गालांनी ते पाहत होती. काउंटरमागं शर्मिष्ठा नावाची हसऱ्या चेहऱ्याची मुलगी बसायची. पेशंटांची भीती जावी म्हणून असेल किंवा स्वतःचा कंटाळा, ती सारखी काही ना काही बोलत असे. टीव्हीकडं पाहता पाहता तिला आठवलं.

“हमारे यहाँ का नहीं सुना क्या आप लोगों ने? यमराज वाला?”

“कौन यमराज?” गालाला रुमाल लावलेल्या माणसानं विचारलं.

“अरे भैया, रेलवे में थे एक. यमराज बनते थे. मुकुट, गदा, ये बड़ी-बड़ी मूँछ. फाटक पे खड़े होके पब्लिक को डराते थे, लाइन मत पार करो, नहीं तो मैं ले जाऊँगा. और एक दिन खुद ही पार कर रहे थे. उसी ड्रेस में, मुकुट-वुकुट सब पहने.” शर्मिष्ठा थांबली. “और पीछे से असली वाला आ गया.”

रुमालवाला हसला, मग कळ आली म्हणून त्यानं डोळे मिटले. “हाय राम. हँसाओ मत दीदी, दुखता है.” पलीकडून कुणी तरी विचारलं, “भैंसा घर पे छोड़ आए थे क्या?” कोपऱ्यात बसलेले म्हातारे गृहस्थ तेवढे हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला आणि म्हणाले, “इसी को विडंबना कहते हैं, किस्मत का मज़ाक.” हे म्हणताना त्यांच्या आवाजात एक समाधान होतं. कोडं सुटल्यावर माणसाच्या आवाजात येतं तसं.

वनमालाच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की मुलगी गोष्ट छान सांगते. कुठं थांबायचं ते तिला कळतं. ‘असली वाला’च्या आधीची ती क्षणभराची शांतता हवीच होती; तिच्याशिवाय कुणी हसलं नसतं. हे मनात आलं याची लाज वाटायला थोडा वेळ गेला, आणि लाजेच्या मागोमाग राग आला, पण तो एका भलत्याच ठिकाणी जाऊन बसला. ते ड्रेसमध्ये नव्हते. एवढंच तिला सांगायचं होतं. कार्यक्रम आटोपला होता, कपडे बदलले होते, खांद्याला पिशवी होती आणि अंगात पिस्ता रंगाचा शर्ट होता. बाकी काय सांगायचं ते सांगा, पण मुकुट नका घालू त्यांना. तिनं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात शर्मिष्ठानं वहीतून डोकं वर केलं आणि गोड आवाजात हाक मारली, “वनमाला आंटी, आ जाइए.”

खुर्चीत पडल्यावर डॉक्टरांनी दिवा डोळ्यांवर आणला, हिरडीत इंजेक्शन दिलं, गालात कापसाचे बोळे कोंबले आणि सांगितलं, तोंड मोठं उघडा आणि तसंच ठेवा. दाढ मुळापर्यंत किडली होती. दोन-तीन खेपा कराव्या लागतील, असं म्हणत त्यांनी यंत्र चालू केलं. वनमाला तोंड उघडून पडली होती आणि जे बोलायचं होतं ते जिभेखाली लाळेसारखं साठत होतं. शेजारची नळी ते ओढून घेत होती. जबडा बधिर झाला तशी तिच्या डोळ्यांसमोर ती नेहमीची आकृती आली, वर्षभर येत होती तशी: दिवाकर, पाठमोरा, पिस्ता शर्ट, मान थोडी खाली. पण आज ती आकृती आली आणि वळली. डोक्यावर मुकुट होता. मिशा काजळानं गालांपर्यंत ओढलेल्या होत्या. तिनं डोळे घट्ट मिटले. डॉक्टरांना वाटलं दुखलं. “बस, बस, हो गया,” ते म्हणाले.

दिवाकर गोंदियाचा. बाप रेल्वेत, काका रेल्वेत, लहानपण रुळांच्या बाजूच्या क्वार्टरात गेलेलं. वनमाला पुलगावची, लग्न करून इथं आली तेव्हा तिला रूळ ओलांडायची भीती वाटे. कॉलनी एका अंगाला आणि भाजीबाजार दुसऱ्या अंगाला. फाटकानं जायचं म्हणजे मोठा वळसा. सगळी कॉलनी मधूनच जाई. तिला दिवाकरनं शिकवलं. संध्याकाळी तिचा हात धरून तो रुळांपाशी उभा राही आणि म्हणे, “आधी इकडं पाह्यचं, मंग तिकडं, मंग परत इकडं. रुळावर पाय नाही ठेवाचा, पलीकडं टाकाचा. आन् धावाचं नाही. धावला का पडला.” ती धावायची. तो तिचा हात ओढून तिला आपल्या चालीवर आणायचा. उन्हानं तापलेल्या खडीचा आणि तेलाचा वास, त्याच्या कोरड्या तळहाताची पकड, आणि मधोमध, दोन्ही लाईनींच्या मध्ये, मुद्दाम थांबून तो विचारायचा, “आता सांग, भेव वाटते?” नवीन लग्न झालेल्या बायकांना नवरे बागेत नेतात, सिनेमाला नेतात. दिवाकरनं तिला रूळ ओलांडायला शिकवलं. ते त्यांचं फिरणं होतं. कुणी हे ऐकलं असतं तर हसलं असतं आणि म्हणालं असतं, पाहा, तेव्हापासूनच. म्हणून तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षभरात तिनं आपल्या संसारातल्या पुष्कळ गोष्टी अशा दडवल्या होत्या, की ज्यांना त्या मरणाचा रंग लागू शकला असता. दडवता दडवता फारसं काही उरलं नव्हतं.

यमराज तो उशिरा झाला. राजधानी झाली, नवे साहेब आले, सुरक्षेचा आठवडा साजरा करायची पद्धत आली, आणि फाटकाफाटकांवर जाऊन लोकांना समजावणारं एक पथनाट्य बसवायचं ठरलं. दिवाकर ऑफिसात कारकून होता. मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकांत वर्षानुवर्षं दूत, द्वारपाल, दुसरा शेजारी अशी कामं करणारा. आवाज भरदार, पण चेहरा असा की त्याला कुणी मोठं काम देत नसे. इथं पहिल्यांदा तो मध्यभागी उभा राहिला. नरेश चित्रगुप्त झाला. तो त्याचाच ऑफिसमित्र, कॉलनीत राहणारा. दिवाकर स्वयंपाकघरात तालीम करायचा. वनमाला भाकरी थापत असे आणि तो झाऱ्याची गदा करून गर्जे, “एक गई तो क्या हुआ, मूर्ख मानव! दूजी अभी बाकी है!” कारण खेळ त्याच्यावरच होता. एक गाडी गेली की लोक निघतात, आणि तिच्या आडून दुसऱ्या लाईनीवरून येणारी गाडी त्यांना दिसत नाही. फाटक उघडलं नाही म्हणजे दुसरी यायची आहे, हे लहान पोरालाही कळेल असं त्यांनी ते बसवलं होतं. वनमालाला सगळे संवाद पाठ झाले होते. मुकुट मंडळाच्या सामानातून आला, कुण्या जाड्या रावणासाठी केलेला. दिवाकरच्या डोक्यावर तो फिरायचा आणि नाकावर उतरायचा. तिनं जुन्या उशीतला स्पंज कापला, दाभणानं आतून गोल शिवला, कानांवर दोन जाड घड्या घेतल्या, म्हणजे डोकं कितीही हललं तरी मुकुट हलायला नको. दाभण बोटात घुसलं होतं एकदा. त्यानं मुकुट चढवला, आरशात पाहिलं आणि म्हणाला, “वा. आता तुह्यं एक अक्षर ऐकू येत नाही. लय सुख आहे यमाले.” तिनं मुद्दाम हळूच म्हटलं, “गॅस संपला.” तो म्हणाला, “हो, मस्त बसला.” त्यांची मुलगी निधी तेव्हा कॉलेजातून नुकतीच आली होती. दारात उभी राहून ती पोट धरून हसली होती. तिघंही हसले होते.

मरण आलं आणि त्याच्या आधी गोष्ट आली, असं वनमालाला कधी कधी वाटे. तिला कळायच्या आधी ती थेट गावातल्या बूढापाऱ्यापर्यंत पोचली होती. हिंदी पेपरांनी मथळा दिला, त्यात त्याचं नाव नव्हतं, ‘यमराज’ होता. भेटायला आलेली माणसं दारात रडवेली होऊन येत, पाणी पीत आणि मग नजर खाली करून तेच म्हणत: काय विचित्र म्हणायचं हो. दुसऱ्यांना वाचवणारा. दूधवाला म्हणाला, गॅसवाला म्हणाला. मंडळाच्या शोकसभेत अध्यक्ष अनंतराव म्हणाले की नियतीनं दिवाकरवर त्याचीच भूमिका उलटवली, आणि वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून त्यांनी सभागृहाकडं पाहिलं. वनमालानं ते पाहणं पाहिलं. त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण वाक्य चांगलं जमलं होतं, तेही त्यांना वाटलं होतं. त्याच फाटकावर त्याच्या आधी कितीक माणसं गेली असतील. उरल्याच्या कारखान्यांतून शिफ्ट संपवून सायकल रुळांवरून उचलून नेणारे, डोक्यावर लाकडं घेतलेल्या बायका. त्यांच्या दोन ओळी येतात आणि पान उलटतं. त्यांचं मरण कुणाला लक्षात राहत नाही, पण कुणी त्यावर हसतही नाही. दिवाकरचं मात्र सगळ्यांना आवडलं होतं. दुसरा शब्द तिला सुचत नव्हता. त्यात आकार होता. ऐकणाऱ्याला वाटे, जगात काही तरी अक्कल असलेलं बसलेलं आहे, जे असे खेळ करतं. आणि आपण यमराज बनत नाही, म्हणजे आपल्याला भीती नाही.

या सगळ्यात तिनं एक चित्र धरून ठेवलं होतं. ते तिला धाकट्या दिरानं दिलं होतं. शेखर नागपूरहून आला, तोच इस्पितळात गेला, त्यानंच सगळं पाहिलं, आणि तिला त्यानं फक्त गुंडाळलेलं पाहू दिलं. “वहिनी, कार्यक्रम झाला होता. कपडे बदलून घरी यायले निघाला होता,” तो म्हणाला. घरी यायला. ती त्या दोन शब्दांवर वर्षभर टेकून राहिली होती. म्हणजे मेला तो यमराज नव्हता, दिवाकर होता, घरी येणारा, पिस्ता शर्टातला, जसा तो रोज यायचा. लोकांनी काय बोलायचं ते बोलावं. शेवटच्या क्षणी तो तिचा होता, त्या मुकुटाचा नव्हता.

दवाखान्यातून ऑटोनं ती बूढापाऱ्याच्या भाड्याच्या घरी परतली तेव्हा अर्धा चेहरा दुसऱ्याचा असल्यासारखा लागत होता. ओठ कुठं संपतो ते कळत नव्हतं. तिनं पाणी प्यायचा प्रयत्न केला, ते हनुवटीवरून ओघळलं. खिडकीखालून स्कूटर गेल्या, तलावाकडून वारा आला, आणि स्वयंपाकघराच्या दारात तो उभा होता. भूतबीत नव्हे, ती भुतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. पण डोळ्यांना जी जागा सवयीची असते तिथं डोळे त्याला ठेवत, आणि आजवर साध्या कपड्यात ठेवत आले होते. आता तो मुकुट काढत नव्हता. तिनं शर्टाला हाक मारावी तसं मनात म्हटलं, पिस्ता, पिस्ता. शर्ट आला आणि त्याच्यावर जरीचा अंगरखा चढला. त्या मुलीनं एका वाक्यात हे केलं होतं. मग तिला आठवलं, शर्ट तर घरातच आहे. नरेशनं पिशवी पाठवली होती, शेखरनं ती कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली होती, आणि क्वार्टर सोडताना ती तशीच उचलून इथल्या कपाटात आली होती. एकदा हातात घेऊन पाहिला की चित्र परत जागेवर येईल.

तिनं पिशवी उघडली. चपला होत्या. डब्याचं फडकं होतं. शर्ट घडी केलेला होता, दिवाकरच्या पद्धतीनं, बाह्या आत घेऊन. तिनं तो उलगडला. इस्त्रीची रेघ बाहीवर अजून दिसत होती. कॉलरला थोडा घाम धरला होता, एवढंच. कुठं फाटलेला नव्हता, डाग नव्हता. एक बटणसुद्धा तुटलेलं नव्हतं.

ती पलंगावर बसली. शर्ट मांडीवर होता. वर्षभर ही पिशवी तिच्या हाताच्या अंतरावर होती. सणाला कपाट आवरताना तिनं ती दोनदा उचलून बाजूला केली होती आणि परत ठेवली होती, आणि दोन्ही वेळा तिच्या मनाच्या कडेला काही तरी सरपटत गेलं होतं, पाल जाते तसं, आणि तिनं तिकडं पाहिलं नव्हतं. जो शर्ट अंगात होता तो पिशवीत घडी होऊन कसा आला, हे विचारायला शाळा शिकावी लागत नाही. तिला हे माहीत होतं. कुठल्या दिवसापासून माहीत होतं तेवढं सांगता आलं नसतं.

निधी संध्याकाळी ऑफिसातून आली तेव्हा आई दिवा न लावता बसली होती. “आई, क्या हुआ? दाँत दुख रहा है?” निधी मराठीत विचारलं तरी हिंदीतच उत्तर देई, वडिलांशीही तसंच बोलायची. वनमालानं शर्ट पुढं केला. निधीनं तो घेतला नाही. पर्स खांद्यावर तशीच ठेवून उभी राहिली.

“तुले माहीत होतं?”

“चाचा ने मना किया था.” मग पर्स पलंगावर ठेवत, “आई, क्या फर्क पड़ता है? पापा तो पापा थे ना.”

“सगळ्या गावाले माहीत होतं. मलेच नव्हतं.”

“तुमको क्यों बताते? लोग वैसे ही...” तिनं वाक्य पुरं केलं नाही. आत जाऊन तिनं दिवा लावला, भात टाकला, आणि कुकरच्या शिट्टीआड बराच वेळ नळ वाहत ठेवला.

फरक पडत होता. कसा पडतो ते वनमालाला मुलीला समजावून देता आलं नसतं. मुकुट खरा असेल तर गोष्ट खरी. मग ते म्हातारे गृहस्थ, अनंतराव, दूधवाला, सगळे बरोबर होते आणि तीच एकटी खोटं घेऊन बसली होती. दिवाकर त्यांचा झाला. तिच्याकडं काय राहिलं? त्या शेवटच्या काही पावलांत तो कोण होता, हे तिला कुणी तरी सांगायला हवं होतं, आणि सांगू शकेल असा एकच माणूस होता. तेराव्यानंतर तो तिच्या घरी आला नव्हता.

रविवारी ती रेल्वे कॉलनीत गेली, पुलावरून, सायकलरिक्षानं. पुलावरून खाली रूळ दिसतात. पूर्वी ती ज्या जागी ओलांडत असे तिथं आता भिंत घातली होती, आणि भिंतीला माणूस जाईल एवढं भगदाड पाडलेलं होतं. नरेशच्या बायकोनं, अर्चनानं, दार उघडलं आणि तिला पाहून घाईघाईनं म्हणाली, “या ना ताई, या. अहो, कोण आलं पाहा.” नरेश बनियनवर बाहेर आला, परत आत गेला, सदरा घालून आला. तो वाळला होता. अर्चनानं चहा ठेवला आणि पोह्यांचं विचारलं, आणि वनमालानं दाढ दाखवून नको म्हटलं. ख्यालीखुशालीचे चार शब्द संपले. मग वनमालानं पिशवीतून शर्ट काढून टेबलावर ठेवला.

नरेशनं शर्टाच्या बाहीवरून बोट फिरवलं. “घडी त्यानंच घातली होती,” तो म्हणाला. “मी फक्त पिशवी उचलली, वहिनी.”

“मले सगळं सांगा भाऊजी. गावानं सांगितलं ते मी ऐकलं. तुम्ही होते तिथं.”

“काय सांगू.” त्यानं कप बशीत सरळ केला. “खेळ संपला. पब्लिक लय होती, उरल्याची शिफ्ट सुटली होती. सायबाले मीटिंगले जाचं होतं, म्हणे ड्रेस ऑफिसात उतरवा, चला. जीप पलीकडं. फाटक बंद. मालगाडी गेली, कोळशाची, लांबच्या लांब. गेली तरी फाटक उघडलं नाही. काहून उघडलं नाही, हे आमच्यापेक्षा जास्त कोणाले माहीत असन? अर्धा घंटा तेच तर बोंबलून राहिलो होतो.”

“मंग?”

“मंग काय. सायेब वाकले आन् दांड्याखालून निघाले. सायेब निघाले म्हणून आम्ही निघालो. ढोलकीवाला, पेटीवाला, झांजवाला, मी, समदे. आमच्या मांगं पब्लिक, ज्यायले आम्ही आत्ता सांगितलं का जाऊ नका. रोजच जातो वहिनी. तुम्हाले माहीत आहे. रेल्वेवाल्याले वाटते लाईन आपलीच आहे.” तो हसल्यासारखा झाला. “तो सगळ्यायच्या मांगं होता. यमाच्या चालीनं चालून राहिला होता, डुलत डुलत. पोट्टे टाळ्या वाजवून राहिले होते त्याले पाहून. आन् दुसरी आली. मालगाडीच्या आडून. आम्ही धावलो. मी पलीकडं जाऊन मुडून पाह्यलं तं तो मधात. मी ओरडलो. दिवाकर म्हणून ओरडलो. त्यानं माह्याकडं पाह्यलं, वहिनी. आन् हसला. आन् हात वर केला, हा असा. आशीर्वाद देते ना, तसा.”

अर्चना आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. “झोपेत बी ओरडते हे,” ती हळूच म्हणाली.

“मंग चौकशी झाली,” नरेश म्हणाला. “आम्ही सांगितलं का तो एकटाच गेला. सायेब बोलले, गेलेल्याले काय फरक पडते. आम्ही मान हलवली.” त्यानं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं. “मले एकच गोष्ट समजत नाही. त्याले ऐकू काहून नाही गेलं? ड्रायव्हर हॉर्न मारून राहिला होता, अख्ख्या उरल्याले गेला असन. आन् मी ओरडून राहिलो होतो. का माह्या आवाजच निघाला नाही? का त्याले वाटलं, मी अजून चित्रगुप्तच करून राहिलो?”

वनमालाच्या उजव्या हाताच्या बोटात काही तरी टोचलं. तिनं हात पाहिला. तिथं काही नव्हतं. खोलीत पंखा फिरत होता, चहावर साय धरली होती, आणि तिला स्पंजचा तो आवाज ऐकू आला, दाभण आत जाताना होतो तो, जवळजवळ नसलेला आवाज. दोन जाड घड्या, कानांवर. म्हणजे डोकं कितीही हललं तरी. वा, आता तुह्यं एक अक्षर ऐकू येत नाही. तिच्या आत सगळं अगदी स्वच्छ आणि थंड झालं, आणि त्या थंडपणात तिला दिसलं की गोष्ट अजून पुरी झालेली नव्हती. जिथं जिथं ती सांगितली जात होती, तिथं तिथं तिच्यात एक तुकडा कमी होता, आणि तो तुकडा वनमालापाशी होता. तो दिला तर ती अशी काही जमेल की रायपूर ती कधी विसरणार नाही. अनंतरावांना दोनदा थांबावं लागेल. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना आणखी मोठा शब्द शोधावा लागेल.

“भाऊजी, तो मुकुट मोठा होता,” ती म्हणाली. “कानावर यायचा. त्यात त्यायले काहीच ऐकू जात नव्हतं, घरी बी जात नव्हतं. तुम्ही कितीही ओरडले असते तरी पोचलं नसतं.”

नरेशचा चेहरा हळूहळू सैल झाला, गाठ सुटावी तसा, आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अर्चना पुढं येऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवू लागली. वनमालानं शर्ट परत घडी केला, बाह्या आत घेऊन. मुकुट कानावर कशानं यायचा हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

परतीच्या वाटेवर पुलावर तिनं रिक्षा थांबवली. खाली एक बाई भगदाडातून निघाली, कडेवर मूल, डोक्यावर टोपली. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं नाही, आणि धावली. रुळांवर कुठलीही गाडी नव्हती. वनमाला ती पलीकडं पोचेपर्यंत पाहत राहिली. मधोमध तिला तो दिसला, मुकुटासकट, काजळाच्या मिशांसकट, डुलत येणारा, आणि या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. तो हसत होता. ऐकू न येणारा माणूस हसतो तसं, समोरच्याचे ओठ पाहून, अंदाजानं. ‘हो, मस्त बसला’ म्हणताना तो असाच हसला होता. मुकुटाखाली तोच होता. ही एवढी गोष्ट गावाला माहीत नव्हती.

दुसऱ्या खेपेला ती दवाखान्यात गेली तेव्हा टीव्हीवर क्रिकेट होतं. बाकावर नवी माणसं होती: मोटरसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवणारा एक तरुण, आणि त्याच्या शेजारी त्याची बायको, पेशंट तीच असावी. किल्लीवाला म्हणत होता की फाटकावर अडकलो म्हणून उशीर झाला, आणि शर्मिष्ठाला निमित्त पुरलं. “फाटक से याद आया. आपने वो यमराज वाला सुना है?” गोष्ट या वर्षभरात आणि या आठवड्यातही वाढली होती. आता दिवाकरनं हातातली गदा इंजिनावर उगारली होती. “और पीछे से,” शर्मिष्ठा म्हणाली आणि थांबली.

“मैं उनको जानती थी,” वनमाला म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. शर्मिष्ठाचे डोळे चमकले. “सच्ची, आंटी? तो बताओ ना, ड्रेस में ही थे ना?”

“हाँ. ड्रेस में थे.” तिला आपला आवाज सपाट ऐकू येत होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. “छह लोग थे. कार्यक्रम करके लौट रहे थे. फाटक बंद था. मालगाड़ी निकल गई, तो सब झुक के निकल गए. साहब भी, पब्लिक भी. उधर से दूसरी गाड़ी आ गई. बाकी पहुँच गए, ये पीछे रह गए.”

“सब निकल गए थे?” शर्मिष्ठानं विचारलं. “यमराज अकेले नहीं थे?”

“सब.”

किल्ली फिरायची थांबली. तरुण म्हणाला, “वो तो हम लोग भी ऐसे ही निकलते हैं.” त्याच्या बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. “आज भी तो निकले,” ती म्हणाली. कुणी हसलं नाही. तरुणानं जरा वेळ वाट पाहिली, पुढं काही येईल म्हणून. मग विचारलं, “फिर उन्हीं को क्यों लगी? और लोग तो बच गए.”

“धीरे चलते थे,” वनमाला म्हणाली. “दौड़ते नहीं थे कभी.”

“बस?”

“बस.”

तरुणानं मान हलवली, टीव्हीकडं वळला, आणि कोण खेळतंय ते विचारलं. शर्मिष्ठानं वहीत उगाच काही तरी खोडलं. तिच्या चेहऱ्यावर किंचित नाराजी होती, चांगलं भांडं हातात असताना त्याला पोचा यावा तशी. ही गोष्ट ती आता पूर्वीसारखी सांगू शकणार नव्हती. निदान ‘असली वाला’च्या आधी तिला ते सहा जण आठवतील, वाकून जाणारे, आणि थांबायची जागा चुकेल. बाकीचं गाव होतंच. बाकीच्या गावाला वनमाला काही करू शकत नव्हती.

“आइए आंटी,” शर्मिष्ठा म्हणाली.

डॉक्टरांनी दिवा डोळ्यांवर आणला, गालात कापूस भरला आणि यंत्र चालू केलं. दोन्ही हात मांडीवर होते. उजव्या हाताच्या अंगठ्यानं ती तर्जनीचं टोक चाचपत होती, जिथं दाभण घुसलं होतं आणि जिथं आता काहीच खूण नव्हती. यंत्राच्या घरघरीत बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. डॉक्टर वाकले आणि त्यांचे ओठ हलले. दुखतंय का, असं ते विचारत असावेत. तोंड उघडं होतं; उत्तर द्यायची गरज नव्हती.